नॉर्थ विल्क्सबरोच्या ट्रॅकवर सरकारचे 1 कोटी 80 लाख डॉलर: बरोबर झालं की चूक?

कॅरोलायनाकर

मंडळी, शार्लटच्या आमच्या मराठी ग्रुपवर हा वाद बरेच दिवस चाललाय, तिथे कुणी कुणाला मुद्दा पूर्ण करू देत नाही म्हणून इथे सविस्तर टाकतोय. नॉर्थ कॅरोलायना राज्याने 2021 च्या बजेटमध्ये, कोविडसाठी आलेल्या केंद्राच्या मदतनिधीतून, नॉर्थ विल्क्सबरो स्पीडवे या बंद पडलेल्या रेस ट्रॅकला 1 कोटी 80 लाख डॉलर दिले. ट्रॅक खासगी कंपनीचा. मग लोकांच्या पैशातून तो का उभा करायचा, असा सवाल आहे.

माझं मत आधीच सांगतो. पैसा दिला ते योग्यच केलं, पण त्या बदल्यात जे मागून घ्यायला पाहिजे होतं ते मागितलं नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी. विल्क्स काउंटी म्हणजे डोंगराच्या पायथ्याची, हातभट्टीच्या दारूसाठी एकेकाळी देशभर नाव झालेली. दारू पोचवणारी पोरं पोलिसांना चुकवायला साध्या दिसणाऱ्या गाड्यांची इंजिनं तयार करायची, रात्री डोंगरातल्या रस्त्यांवर पळवायची, आणि स्टॉक कार रेसिंगमधले, म्हणजे रस्त्यावरच्या गाड्यांसारख्या दिसणाऱ्या गाड्यांच्या रेसिंगमधले, सुरुवातीचे बरेच ड्रायव्हर यातूनच आले. ज्युनियर जॉन्सन इथलाच, वडिलांच्या भट्टीवर पकडला गेला, तुरुंगात जाऊन आला, नंतर नॅसकारच्या (स्टॉक कार रेसिंग चालवणारी अमेरिकेतली मोठी संस्था) 50 रेसेस जिंकला आणि 1986 मध्ये प्रेसिडेंट रेगनने त्याला माफी दिली. ट्रॅक 1947 चा, इनोक स्टेलीने उभा केला. 1949 मध्ये नॅसकारची पहिली स्टॉक कार सीरिज झाली तिची शेवटची रेस याच ट्रॅकवर. लांबी 5/8 मैल, म्हणजे जवळजवळ बरोब्बर एक किलोमीटर, आणि गंमत म्हणजे सपाट नाही, समोरची सरळ पट्टी उताराची आणि मागची चढाची. जमीन सपाट करायला पैसे पुरले नाहीत म्हणून तशीच ठेवली म्हणतात.

1995 ला स्टेली वारले. ब्रुटन स्मिथ आणि बॉब बाहरे या दोन ट्रॅकमालकांनी अर्धा अर्धा हिस्सा घेतला, कशासाठी, तर इथल्या वर्षातल्या दोन रेसेसच्या तारखा उचलून एक टेक्सासला आणि एक न्यू हॅम्पशायरला न्यायला. 29 सप्टेंबर 1996 ला जेफ गॉर्डन शेवटची रेस जिंकला आणि गेटला कुलूप लागलं. मधे 2010-11 ला थोडं उघडलं, टिकलं नाही. स्टँडवर झाडं उगवली होती. 2019 च्या शेवटी नॅसकारचा नावाजलेला ड्रायव्हर डेल अर्नहार्ट ज्युनियर माणसं घेऊन आला, ट्रॅक साफ केला, कॉम्प्युटर गेमसाठी स्कॅन करून घेतला, तिथून चक्र फिरलं. 2023 च्या मे मध्ये ऑल-स्टार रेस झाली, ती पॉइंट्सची नसते, आणि 2026 च्या वेळापत्रकात 19 जुलैला चॅम्पियनशिपच्या पॉइंट्सची रेस, 1996 नंतरची पहिली.

आता माझी तक्रार. वर्षातून एक मोठा नॅसकार विकएंड, मधेअधे दुसऱ्या सीरिजच्या काही रेसेस, पण दर शनिवारी गावातल्या पोरांनी यावं, गाडी उतरवावी, हे तिथे नाही. ते बघायचं तर विन्स्टन-सेलमला बोमन ग्रे स्टेडियमला जावं लागतं. फुटबॉलच्या मैदानाभोवती पाव मैलाची सपाट डांबरी पट्टी, 1949 पासून उन्हाळ्यात दर शनिवारी रेस, 2020 सोडलं तर खंड नाही. आणि तो ट्रॅक शहराच्या मालकीचा. मला विचाराल तर सरकारने विल्क्सबरोला चेक देताना एक ओळ लिहून घ्यायला हवी होती की उन्हाळ्यात इतके शनिवार स्थानिक रेसिंगला, तिकीट परवडेल असं.

रालेचा_अण्णा

मूळ मुद्द्याशीच असहमत. ज्या कंपनीच्या जुन्या मालकाने, ब्रुटन स्मिथने, तारखा पळवून नेल्या, त्याच कंपनीला, आता मुलगा मार्कस स्मिथ चालवतो, लोकांच्या पैशातून दुरुस्ती करून दिली. ज्याने दुकान बंद केलं त्यालाच शटर उघडायला अनुदान? विल्क्सबरो एकटं नाही, त्याच बजेटमध्ये शार्लटच्या ट्रॅकला 1 कोटी 30 लाख आणि रॉकिंगहॅमला 90 लाख मिळाले. शार्लटचा ट्रॅक काय मरायला टेकला होता का? कोविडचा पैसा होता हो तो. तुम्ही आठवणी सांगून लोकांना हळवं करता आणि हिशोब बाजूला राहतो.

आणि अटी लावायला हव्या होत्या म्हणता, एकदा चेक गेला की कोण तपासतंय? त्यापेक्षा देऊच नये.

राजगुरुनगरी

मी नॅसकार टीव्हीवर तुकड्या तुकड्यात बघितलंय तेवढंच, पण हे वाचून आमचा बैलगाडा शर्यतीचा घाट आठवला. 2014 ला सुप्रीम कोर्टाने बैलगाडा बंद केला, 2021 च्या डिसेंबरला अटींवर परवानगी आली, 2023 च्या मे मध्ये कायदा कायम झाला. मधली सात वर्षं ज्याने खेड-जुन्नर-आंबेगावात बघितलीत त्याला हा विषय समजावून सांगायला नको. यात्रा व्हायची, पालखी निघायची, पण घाट रिकामा आणि दुपारनंतर करायचं काय कुणाला कळायचं नाही. लोकांनी बैल सांभाळले तरी, खुराकाचा खर्च करत राहिले, बारी कधी लागणार माहीत नसताना.

म्हणून अण्णांना सांगतो, मालक कोण याने फरक पडत नाही. आमच्याकडे घाट बांधायला ग्रामपंचायतीचा पैसा लागतो, आमदाराचा लागतो, कुणी हरकत घेत नाही, कारण त्या दिवशी वडापाववाल्यापासून मंडपवाल्यापर्यंत सगळ्यांचा धंदा होतो.

एफवन_पुणेकर

धंद्याचं ठीक आहे पण खेळ म्हणून यात आहे काय? तासन्‌तास डावीकडे वळायचं. आणि विल्क्सबरोचं पुनरागमन एवढं गाजवताय तर रेसेस बघा ना, 2023 ला काइल लार्सन एकहाती जिंकला, 2024 ला नवीन डांबर टाकून 200 पैकी 199 लॅप्स जोई लोगानो पुढे. एकशे नव्व्याण्णव! लोकांच्या लक्षात काय राहिलं, तर रेस झाल्यावर स्टेनहाउस या ड्रायव्हरने काइल बुश या दुसऱ्या ड्रायव्हरला मारलेला ठोसा. त्यासाठी त्याला 75,000 डॉलर दंड झाला. याला वारसा म्हणायचं असेल तर म्हणा.

ग्रीसवाला_मूर्सव्हिल

पुणेकर, डावीकडे वळायचं ते कसं वळतात ते एकदा गाडीच्या खाली जाऊन बघा. मी इथे रेस टीम्सच्या गावात राहतो, मेकॅनिकल लाइनमधला आहे, आणि शनिवारी एका मित्राच्या लेट मॉडेलला (लोकल रेसिंगच्या गाड्यांचा एक क्लास) हात लावायला जातो. लोकल शॉर्ट ट्रॅकची, म्हणजे एक मैलाहून छोट्या ट्रॅकची, गाडी मुद्दाम वाकडी बनवलेली असते, वजन डाव्या बाजूला सरकवलेलं, उजवं मागचं टायर डाव्यापेक्षा घेराने मोठं, मागचा एक्सल लॉक असतो त्यामुळे गाडी आपोआप डावीकडे ओढते, आणि तो फरक किती ठेवायचा यावर अख्खी रात्र जाते. आम्ही टेप घेऊन टायरचा घेर मोजतो, हवा भरून, उन्हात ठेवून, परत मोजतो, कारण दुपारी बरोबर असलेला आकडा रात्री डांबर गार झाल्यावर चुकतो. पाव मैलावर एक लॅप पंधरा-वीस सेकंदांची, श्वास घ्यायला सरळ पट्टीच नाही, एका लॅपमध्ये दोनदा ब्रेक, दोनदा थ्रॉटल, आणि मागचा माणूस बंपर लावून बसलेला.

2023-24 बद्दल तुमचं बरोबर आहे, पण कारण वेगळं आहे. 2022 ला आलेली कपची, म्हणजे नॅसकारच्या सगळ्यात वरच्या सीरिजची, नवी गाडी शॉर्ट ट्रॅकवर एकमेकांना ओलांडायला अवघड आहे, ब्रेक मोठे, टायर रुंद, गिअर बदलून चूक झाकता येते. 2023 ला खालचं डांबर 1981 चं होतं तरी रेस चुरशीची झाली नाही. दोष ट्रॅकचा नाही. 2025 ला ख्रिस्तोफर बेलने शेवटी लोगानोला मागे टाकलं ती रेस बघा आणि मग बोला. 2026 पासून छोट्या ट्रॅकवर 670 ऐवजी 750 हॉर्सपॉवर देणार आहेत तेही यासाठीच.

पण कॅरोलायनाकरांच्या मुद्द्याला माझा पूर्ण पाठिंबा. बोमन ग्रेला सगळ्यात खालचा क्लास असतो स्टेडियम स्टॉक, जुन्या चार सिलिंडरच्या गाड्या, आठवडाभर दुसरं काम करणारी माणसं चालवतात, आणि तिथेच पोरं शिकतात. वरचा क्लास मॉडिफाइड, चाकं उघडी, इंजिन बाहेर दिसणारं. 1969 ला रिचर्ड पेटीचा शंभरावा विजय याच पाव मैलावर झाला. 1971 ला बॉबी ॲलिसन इथे मस्टँग घेऊन जिंकला, वेगळ्या क्लासची गाडी म्हणून तो विजय कुणाच्याच नावावर लागला नव्हता, तो 2024 ला अधिकृत धरला, त्याच्या मृत्यूच्या काही आठवडे आधी. 2025 च्या फेब्रुवारीत कपच्या गाड्या परत इथे आल्या, चेस एलियट जिंकला, पण स्टँड उभा राहिला तो टिम ब्राउन आणि बर्ट मायर्ससाठी, कारण दोघं इथलेच मॉडिफाइडवाले, दर शनिवारी बघितलेले. विल्क्सबरोला असं ओळखीचं नाव घेऊन ओरडायला कोण आहे आज?

मीनल_वि_से

मी विन्स्टन-सेलममध्ये राहते, स्टेडियमपासून फार लांब नाही. तुम्ही सगळे तिकीट काढून तीन तास बसून घरी जाणारे आहात म्हणून इतकं सोपं वाटतं. उन्हाळ्यातला प्रत्येक शनिवार आमच्या घरात इंजिनच्या आवाजात जातो, खिडक्या लावल्या तरी, आणि लहान मूल झोपवायचं असेल तर त्या संध्याकाळी दुसरीकडे जायचं हा नियमच झालाय. ज्यांचं घर रेस सुरू व्हायच्या आधीपासून तिथे होतं अशी आता किती माणसं शिल्लक असतील, म्हणजे "माहीत असून घर घेतलंत" हे उत्तर तयारच असतं, पण भाड्याने राहणाऱ्याला निवड असते का?

दुसरं, कुणीच बोललं नाही ते म्हणजे शिसं. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी शिसेयुक्त पेट्रोल अमेरिकेत 1996 पासून बंद, पण रेसिंगला सूट आहे. नॅसकारच्या वरच्या सीरिजने 2007-08 ला सोडलं, खालच्या लोकल गाड्यांवर तशी केंद्रीय बंदी नाही. कॅरोलायनाकर दर शनिवारी रेस मागतायत, विल्क्सबरोतली शेजारची घरं त्यात धरलीत का? एक विकएंड सहन होतो. बावीस होत नाहीत.

कॅरोलायनाकर

मीनलताई, तुमच्या शिशाच्या मुद्द्याला उत्तर आहे आणि ते माझ्याच मागणीत बसतं. सरकारी पैसा घेतला की अट घालता येते. शिसेविरहित इंधनच चालेल, रात्री अमुक वाजता शेवटची रेस, आणि मफलर. मफलर अशक्य नाही, 2023 ला लॉस एंजलिस कोलिझियमला आणि शिकागोच्या रस्त्यावर नॅसकारने कप गाड्यांना लावले होतेच. खासगी पैशातून ट्रॅक उभा राहिला असता तर हे कुणी ऐकलं नसतं. म्हणून अण्णा, "देऊच नये" हे मला पटत नाही, न देता तुम्ही बोलायचा हक्कही सोडता.

विल्क्सबरो शार्लटसारखं नाही हेही लक्षात घ्या. लोज हे आपलं हार्डवेअरचं दुकान, ते 1921 ला याच गावात सुरू झालं, आज मुख्यालय मूर्सव्हिलला. होली फार्म्स ही कोंबडीवाली कंपनी इथलीच, टायसन कंपनीने घेतली. गावाच्या हातून एकेक मोठं नाव गेलं आणि त्यात ट्रॅक गेला. नूतनीकरणात विन्स्टन सिगरेटचे जुने विटके बोर्ड तसेच ठेवलेत, स्टँडवरून दिसतात, वयस्कर माणसं नातवंडांना बोट दाखवून सांगत असतात तिथे अमुक बसायचा, इथे तमुक पिट होता. त्या नातवंडाला पुढच्या शनिवारी परत यायला मिळायला पाहिजे एवढंच माझं म्हणणं.

रालेचा_अण्णा

शिसेविरहित, मफलर, वेळेची मर्यादा, तिकिटाची मर्यादा. चार अटी झाल्या. यातली एक तरी 2021 ला घातली गेली का, हे तुम्ही स्वतःच वर लिहिलंय, की नाही. मग "सरकारी पैसा असला की अट घालता येते" हे कागदावर छान आहे. बोमन ग्रे शहराच्या मालकीचं आहे, तिथे तरी मीनलताईंचं कुणी ऐकलं का? उलट 2024 पासून तो नॅसकारने चालवायला घेतलाय.

रॉकिंगहॅमला 2013 नंतर नॅसकार 2025 ला परत आलं ते मलाही आवडलं, मी रेसिंगच्या विरोधात नाही. पण गावाला द्यायचं तर गावाला द्या, काउंटीच्या पाण्याच्या लाइनला, रस्त्याला, आणि ट्रॅकवाल्याने त्याचा ट्रॅक त्याच्या पैशाने दुरुस्त करावा.

ग्रीसवाला_मूर्सव्हिल

अण्णा, दर शनिवारचा ट्रॅक कुठलीही मोठी कंपनी स्वतःच्या पैशाने चालवत नाही, त्यात पैसा नाही. मोठ्या विकएंडला टीव्हीचा पैसा येतो, शनिवारी येतो तो गेटवरच्या तिकिटाचा आणि हॉटडॉगचा. म्हणून स्टेलीसारखी घरातली माणसं असायची ती गेली की ट्रॅक बंद पडायचे. हे गणित जोपर्यंत तसं आहे तोपर्यंत कुणीतरी बाहेरून भर घालायला लागणार.

मीनल_वि_से

भर घाला, पण आधी मोजा. आवाज किती, मातीत शिसं किती, शेजाऱ्यांना विचारलं का. 19 जुलैला विल्क्सबरोला जाणाऱ्यांनी मुलांसाठी कानावरचे मोठे इअरमफ घेऊन जा, कापसाचे बोळे पुरत नाहीत.

राजगुरुनगरी

ताई, मोजायच्या मागणीला +१. आमच्याकडेही परवानगी परत आली ती जिल्हाधिकाऱ्यांची मंजुरी, पशुवैद्यकीय तपासणी अशा अटींवरच. घाट चालू राहिला तो अटी मानल्या म्हणून, आणि जिथे मानत नाहीत तिथे गुन्हे दाखल होतात. कॅरोलायनाकर, तुमच्या काउंटीच्या मीटिंगला कुणी जातं का ते बघा, तिथे हा अटींचा कागद ठेवा.