पुढचा डिस्क ब्रेक स्पंजी लागतोय? होज बघ

भावा, बाईकचे पॅड नवीन टाकले, ऑईल बदललं, दोनदा हवा काढली तरी लिव्हर स्पंजीच, म्हणजे दाबला की मऊ लागतोय म्हणतोस, तर आता होजच बदल, म्हणजे लिव्हरकडनं चाकाकडं ब्रेक ऑईल नेणारा रबरी पाईप. रबर जुनं झालं की दाबल्यावर फुगतंय, मग प्रेशर कॅलिपरला (डिस्कवर पॅड दाबणारा भाग) जायच्या ऐवजी पाईप फुगवण्यातच जातं. कधीकधी आतलं रबर सुजून वाटच बुजते आणि लिव्हर सोडला तरी चाक धरून राहतंय. माझ्या वीस वर्षं जुन्या गाडीचं हेच झालेलं, पन्हाळ्यावरनं उतरताना गाडी ओढायचीच बंद झाली, खाली वाघबिळाला थांबून बघतोय तर डिस्क नुसती भाजत होती. बाहेरनं होज एकदम चांगला दिसत होता बघ.

होजची टोकं धरणाऱ्या बॅन्जो बोल्टचे वॉशर मात्र नवेच घाल, दोन्ही टोकांना दोन-दोन, जुने एकदा दाबले गेले की गळतात. बोल्ट आतनं पोकळ असतोय, ताकद लावून आवळू नको, कोल्हापुरात उद्यमनगरात कुणाकडं टॉर्क पाना (ठरलेल्या ताकदीनंच आवळणारा) मिळाला तर उत्तमच. ऑईल मास्टर सिलिंडरच्या (लिव्हरजवळची ऑईलची डबी) टोपीवर लिहिलंय त्याच प्रकारचं घाल, डॉट ४ असेल तर डॉट ५ अजिबात घालायचं नाही, ते सिलिकॉनचं असतं. आणि आपल्याकडच्या पावसात उघडून ठेवलेली बाटली वापरू नको, ऑईल हवेतली ओल ओढतंय. टाकीवर सांडलं तर लगेच पाणी ओत, रंग जातो.

होज बसवल्यावर हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवून बघ, कुठं ताणतोय का ते.