पक्षाघातानंतर रिहॅब: टीममध्ये कोण काय करतं आणि सेंटर कसं निवडायचं? (सल्ला हवा)

पैलतीर

नमस्कार मंडळी. बाबांना (वय ६८) पक्षाघाताचा झटका आला. मेंदूच्या डाव्या बाजूला गुठळी अडकली होती. जिवावरचं निभावलं, पण उजवा हात आणि पाय लुळे पडलेत. आपण बोललेलं त्यांना बरंचसं कळतं, स्वतः बोलायला गेले की शब्द सापडत नाहीत. आता डॉक्टर म्हणतात, तब्येत स्थिर आहे, पुढे रिहॅब सुरू करा.

इथेच आमचं घोडं अडलंय. आम्हाला फिजिओथेरपी एवढंच ठाऊक होतं. वॉर्डात रोज वेगवेगळी माणसं येतात. एक दादा पायाचे व्यायाम घेतात, एक ताई हाताला स्प्लिंट बांधतात, आणखी एक बाई घोटभर पाणी पाजून गळ्याला हात लावून बघतात. प्रत्येकाचं सांगणं वेगळं. काका म्हणतात, घरी माणूस लावून मालिश करा, उभे राहतील. आई रोज एकच विचारते, "हे पूर्ण बरे कधी होणार?"

यातलं कोण खरंच लागतं? रिहॅब सेंटरमध्ये भरती करावं की घरीच फिजिओ बोलवावा? आणि सेंटर बघायला गेलो तर विचारायचं काय?

रानवाट

पैलतीर, मी पीएमआरमध्ये, म्हणजे पुनर्वसनाच्या वैद्यकीय शाखेत काम करते. बाबांना न तपासता नेमका सल्ला देणार नाही, पण विचार कसा करायचा ते सांगते.

आईंचा प्रश्न अगदी साहजिक आहे, पण त्याचं खात्रीचं उत्तर आज कुणालाच देता येणार नाही. उत्तर मिळेल असा प्रश्न वेगळा आहे: पुढच्या दोन आठवड्यांत बाबांना स्वतःचं स्वतः काय करता यायला हवं? आमचं सगळं काम याच प्रश्नाभोवती फिरतं.

जागतिक आरोग्य संघटनेने २००१ साली आयसीएफ नावाची चौकट स्वीकारली. तिच्यात माणसाच्या अवस्थेकडे तीन अंगांनी बघतात. पहिलं शरीराचं काम: बोटांत ताकद नाही. दुसरं कृती: सदऱ्याची बटणं लावता येत नाहीत. तिसरं सहभाग: म्हणून चारचौघांत जाणंच सोडलं. या तिन्हींवर भोवतालच्या गोष्टींचा परिणाम होतो. जिना, दाराची रुंदी, घरच्यांचा धीर. माणसाचा स्वभाव आणि सवयी यांचाही होतो.

हे घरच्यांनी समजून घ्यावं असं मला फार वाटतं, कारण बहुतेक घरं फक्त पहिल्या अंगाकडे डोळे लावून बसतात. बोटं हलली का, पाय हलला का! बोटांत ताकद आली नाही तरी एका हाताने बटण लावायला शिकता येतं. उलट, ताकद परत आलेला माणूस केवळ पडण्याच्या भीतीने वर्षभर खोलीबाहेर येत नाही, असंही होतं. बाबांना सर्वांत आधी काय जमायला हवंय? त्यांनाच विचारा. हो-नाही उत्तर येईल असे छोटे प्रश्न, चित्रं, खुणा, काहीही चालेल. घाई करू नका, उत्तराला वेळ द्या.

घडीची_खुर्ची

मी फिजिओ आहे. आधी सगळ्यात तातडीचं सांगतो. बाबांना उठवताना उजव्या हाताला धरून ओढू नका आणि काखेत हात घालून उचलू नका. लुळ्या हाताच्या खांद्याभोवतीचे स्नायू ढिले असतात, सांधा नुसत्या वजनानेही खाली सरकतो. त्यात ओढाताण झाली की खांदा दुखायला लागतो, मग ते हाताला हात लावू देत नाहीत आणि व्यायाम ठप्प होतात. बसलेले असताना हात उशीवर किंवा टेबलावर टेकवलेला असू द्या. हे घरातल्या प्रत्येकाला सांगा, भेटायला येणाऱ्यांनाही.

मालिशने बरं वाटतं, त्यात वाईट काही नाही. पण मालिशमध्ये हालचाल दुसरा माणूस करतो. मेंदूला नवी वाट घडवायची असेल तर प्रयत्न बाबांनी स्वतः करायला हवा, तोही नेमक्या त्याच कामाचा आणि पुन्हा पुन्हा. उभं राहायला शिकायचं तर उभं राहण्याचाच सराव लागतो. मालिशवाला जोरात हात वर-खाली करत असेल तर ते मात्र ताबडतोब थांबवा.

पैलतीर

रानवाट ताई, विचारलं. बराच वेळ लागला. खाणं? नाही. चालणं? मान हलवली, पण अर्धवट. मग आईने बेडपॅनकडे बोट दाखवलं तर जोरजोरात मान हलवून त्यांनी दाराकडे हात केला. बाथरूमला एकट्याने जायचंय. सगळ्यांसमोर बेडपॅन घ्यावा लागतो, याचा त्यांना किती त्रास होतोय हे आम्हाला कळलंच नव्हतं.

रानवाट

फार चांगलं उद्दिष्ट आहे, आणि त्यांनी स्वतः सांगितलेलं आहे. हेच एक काम उलगडून बघूया, म्हणजे ती सगळी माणसं कशासाठी येतात ते कळेल.

लघवीला लागली हे दुसऱ्याला सांगता आलं पाहिजे. शब्द येत नसतील तर खूण, घंटी किंवा चित्राचं कार्ड. हे बसवून देणार स्पीच थेरपिस्ट. लघवी तुंबते का, आवरत नसेल तर का आवरत नाही, हे डॉक्टरने तपासायचं. ठरावीक वेळाने कमोडवर बसवून सवय लावायचं काम नर्स करतात. कुशीवर वळून पाय खाली सोडणं, बसणं, उभं राहणं, तोल सांभाळत वळणं, पावलं टाकणं हे फिजिओकडे. उठल्याबरोबर रक्तदाब उतरून चक्कर येत असेल तर पुन्हा डॉक्टर. चालताना पंजा लोंबून बोटं जमिनीला घासत असतील तर ऑर्थोटिस्ट मापाचा एएफओ बनवतो, घोट्याला धरून ठेवणारा स्प्लिंट, जो घालून वर बूट चढवता येतो.

एवढं करून दारापर्यंत पोचलं की गाडी अडते ती पायजम्याच्या नाडीपाशी. एका हाताने नाडी सोडायची, कपडा खाली करायचा, बसायचं, धुवायचं, उठून कपडा वर ओढायचा आणि या सगळ्यात तोल जाऊ द्यायचा नाही. चांगली चालणारी माणसं इथे अडकलेली मी पाहिली आहेत. हा ऑक्युपेशनल थेरपिस्टचा प्रांत. नाडीच्या जागी इलॅस्टिक, कमोडवर उंच सीट, चांगल्या हाताला भिंतीत पक्का बसवलेला बार. कपडे घालताना आधी लुळा हात-पाय, काढताना आधी चांगला, ही युक्तीही त्याच शिकवतात. तुम्हाला ज्या फक्त स्प्लिंट बांधणाऱ्या ताई वाटल्या, त्यांच्यावर या उद्दिष्टाचा मोठा भार आहे.

पडण्याची धास्ती बसली असेल तर मानसशास्त्रज्ञ लागतील. घरी सोबत कोण, उपकरणं आणि मदत कुठून मिळवायची, हे सामाजिक कार्यकर्त्यांशी बोला.

म्हणजे "कोण खरंच लागतं?" याचं उत्तर उद्दिष्टावरून मिळतं. सगळे रोज लागतील असं नाही. पण या सगळ्यांना 'एकट्याने बाथरूम' हे एकच उद्दिष्ट माहीत असायला हवं.

दिवेलागण

मी रिहॅब वॉर्डात नर्स आहे. एक गोष्ट जोडते. थेरपीचे काही तास सोडले तर दिवसाचा बाकीचा सगळा वेळ पेशंट आमच्याबरोबर किंवा तुमच्याबरोबर असतो. फिजिओने सकाळी उभं राहायला शिकवलं आणि दुपारी घाईत आपणच उचलून खुर्चीत ठेवलं, तर सकाळची मेहनत वाया. त्यामुळे थेरपीच्या वेळी घरातलं एक माणूस तिथे उभं असू द्या आणि उठवण्या-बसवण्याची पद्धत तुम्ही स्वतः करून दाखवा, नुसती बघू नका.

आमच्या कामाचं मोल समजायचं तर डॉक्टर लुडविग गुटमान यांचं उदाहरण बघा. मणक्याला इजा झालेले लोक पूर्वी पडून राहून पाठीवर होणाऱ्या जखमांनी आणि लघवीच्या जंतुसंसर्गाने दगावत. इंग्लंडमधल्या स्टोक मँडेव्हिल इथे त्यांनी १९४४ मध्ये या रुग्णांसाठी विभाग सुरू केला आणि रात्रंदिवस दर दोन तासांनी कूस बदलायचा नियम घातला. पुढे १९४८ मध्ये तिथेच व्हीलचेअरवरच्या रुग्णांच्या तिरंदाजीच्या स्पर्धा झाल्या, पॅरालिम्पिकची सुरुवात तीच. बाबांच्या टाचा, माकडहाड आणि उजवी कूस रोज डोळ्यांनी बघा. दाबून न जाणारी लाली दिसली तर त्याच दिवशी सांगा.

अनुस्वार

स्पीच थेरपिस्ट आहे. पाणी पाजून गळ्याला हात लावणाऱ्या बाई गिळणं तपासत होत्या. पक्षाघातानंतर पाणी श्वासनलिकेत उतरू शकतं, कधी कधी ठसकाही लागत नाही, आणि त्यातून न्यूमोनिया होतो. पातळ पाणी गिळायला सर्वांत अवघड असतं. त्यांनी दाटसर द्यायला सांगितलं असेल तर "घोटभर पाण्याने काय होतंय" म्हणून कुणी मायेने पाजू नये. भरवताना ताठ बसवा, घास लहान, टीव्ही बंद.

बोलण्याबद्दल: तुम्ही लिहिलंय त्यावरून हा वाचाघात वाटतो, म्हणजे मेंदूतल्या इजेमुळे भाषा अडणं. त्यांची बुद्धी गेलेली नाही, त्यांना बहिरेपणही आलेलं नाही. मोठ्याने बोलू नका, लहान मुलाशी बोलल्यासारखं बोलू नका. एका वेळी एकच गोष्ट विचारा. त्यांचं वाक्य लगेच पुरं करू नका, आणि त्यांच्या देखत त्यांच्याबद्दल तिसऱ्याशी बोलणं टाळा. बाथरूमचा प्रश्न तुम्ही ज्या पद्धतीने शोधून काढलात, तेच संवादाचं चांगलं तंत्र आहे. आईंना तसं जरूर सांगा.

पैलतीर

सगळ्यांचे मनापासून आभार. दोन शंका उरल्यात. पहिल्या दिवशी बाबांना झोपवूनच ठेवलं होतं, त्यामुळे उशीर झाला का? आणि घर की सेंटर?

रानवाट

पहिल्या दिवसाचं मनाला लावून घेऊ नका. २०१५ साली अव्हर्ट नावाची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. पक्षाघातानंतर २४ तासांच्या आत उठवून वारंवार, जास्त वेळ हालचाल करवलेल्या रुग्णांची स्थिती तीन महिन्यांनी नेहमीच्या उपचारांतल्या रुग्णांपेक्षा थोडी कमीच चांगली निघाली. त्यामुळे पहिल्या दिवशी जोर न लावणं चूक नव्हती. आता मात्र तब्येत स्थिर आहे, आता वेळ दवडू नका. सुधारणेचा वेग पहिल्या काही महिन्यांत सगळ्यात जास्त असतो. त्यानंतरही सुधारणा होत राहते, म्हणून "तीन महिन्यांनी सगळं संपलं" असं कुणी म्हणालं तर मनावर घेऊ नका.

घर की सेंटर? हात, पाय, बोलणं आणि गिळणं इतक्या गोष्टी एकदम अडल्या असतील तर मी सुरुवातीला भरती होऊन टीमकडून उपचार घ्यायला सांगेन. ब्रिटनच्या नाइस या संस्थेने २०२३ मध्ये दिलेल्या सूचनांत, ज्याला झेपेल त्याला दिवसाला किमान तीन तास, आठवड्यातून किमान पाच दिवस थेरपी द्यावी असं म्हटलंय. घरी येणाऱ्या एकट्या फिजिओला हे जमणं कठीण आहे. बाबा फार थकत असतील तर तेच तास तुकड्यातुकड्यांनी करता येतात. बाबा आधाराने बाथरूमपर्यंत जायला लागले की घरी थेरपी चांगली चालते, कारण बार कुठे बसवायचा ते घरातच कळतं.

घडीची_खुर्ची

सेंटर बघायला गेलात की यंत्रं दाखवतील. ती बघा, पण त्यावरून ठरवू नका. टीम एकत्र बसते का, किती दिवसांनी, आणि त्या बैठकीत घरच्यांना बोलावतात का, हे आधी विचारा. काही ठिकाणी पाच तज्ज्ञ असतात, पण प्रत्येकाची फाइल वेगळी आणि एकमेकांशी बोलणं नाही. तुम्हाला वॉर्डात वेगवेगळं ऐकू येतंय ते बहुधा यामुळेच. "आमचं उद्दिष्ट एकट्याने बाथरूमला जाणं आहे, तुम्ही काय करणार?" असं फिजिओला आणि ऑक्युपेशनल थेरपिस्टला वेगवेगळं विचारा. उत्तरं जुळायला हवीत. अडचण आली तर फोन कुणाला करायचा, ते एक नाव मागून घ्या.

प्रगती कशी मोजता, हेही विचारा. बार्थेल इंडेक्स किंवा एफआयएम असं काहीतरी सांगतील, रोजची कामं माणूस किती स्वतः करतो याला गुण देणाऱ्या या पद्धती आहेत. बार्थेलमध्ये खाणं, कपडे, संडास, जिना अशी रोजची १० कामं असतात आणि ० ते १०० गुण. दाखल होताना किती होते आणि आता किती, ते लिहून घ्या. एकूण आकड्यापेक्षा कोणत्या कामाचे गुण वाढले ते बघा. आणि "महिन्यात चालवून दाखवतो" अशी हमी देणाऱ्या ठिकाणी थांबू नका.

दिवेलागण

शेवटचं, आईंबद्दल आणि बाबांच्या मनाबद्दल. पक्षाघातानंतर साधारण तिघांतल्या एकाला नैराश्य येतं. बाबा व्यायामाला नकार द्यायला लागले, जेवण कमी झालं, रडू आवरेना, तर त्याला आळस किंवा हट्ट म्हणू नका, टीमला सांगा, त्यावर उपचार आहेत. आईंना आठवड्यातून निदान एक दिवस पूर्ण मोकळा मिळेल अशा पाळ्या घरात आत्ताच लावा. डिस्चार्जची तारीख ठरेल त्याच्या आधी बाथरूमच्या दाराची रुंदी आणि कमोडची उंची मोजून, फोटो काढून ऑक्युपेशनल थेरपिस्टना द्या, म्हणजे बार आणि सीट बाबा घरी यायच्या आधी बसलेली असेल.