फारसी बोलणाऱ्यांना 'टू' की 'इंग'? याद्यावाल्यांना उत्तर

मधली_ओळ
"फारसीत क्रियापदाचं नामरूप एकच. म्हणून इराणी मुलांच्या डोक्यात जिरंड-इन्फिनिटिव्हचा फरक शिरतच नाही. दोन याद्या द्या, घोकून घ्या, पुढे चला." ही पेन्सिलबॉक्स यांची परवाची पोस्ट. जिरंड म्हणजे 'गोइंग', इन्फिनिटिव्ह म्हणजे 'टू गो'; याद्या म्हणजे कुठल्या क्रियापदापुढे 'टू' आणि कुठल्यापुढे 'इंग', त्यांच्या. तिच्याखालची वाहवा वाचून गप्प बसवेना.

मी पुण्यात इराणी आणि अफगाण मुलांना इंग्रजी शिकवते. मस्दर, म्हणजे ते नामरूप, एकच, -तन किंवा -दनने संपणारा, हे खरं: रफ्तन (जाणं), खोर्दन (खाणं), दीदन (पाहणं). पण तो येतो कुठे ते पाहिलंत का? नामाच्या जागी. 'सिगार केशीदन ममनू अस्त', स्मोकिंग बंद. 'अज शेना कर्दन लेज्जत मीबरम', आय एन्जॉय स्विमिंग. इथे ही मुलं फारशी चुकत नाहीत. चुकतात 'वाँट'पाशी. 'मला जायचंय' हे फारसीत 'मीखाहम बेरवम': इच्छितो, जावं मी. दुसरं क्रियापदही कर्त्याप्रमाणे चालतं. मग वहीत उमटतं 'आय वाँट आय गो' किंवा 'आय वाँट गो'. याला तुमची यादी काय करणार? 'वाँट' टूच्या रकान्यात आहे हे त्या पोराला पाठ असतं. 'बेरवम'च्या जागी 'टू गो' येतं, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आणि म्हणे फरक कळत नाही! 'यादम रफ्त दर रा बेबंदम': दार लावायचं विसरलो. 'यादम हस्त दर रा बस्तम': दार लावल्याचं आठवतंय. फॉरगॉट टू क्लोज, रिमेंबर क्लोजिंग. व्हायचं राहिलेलं काम 'बे'च्या रूपात, झालेलं भूतकाळात. त्या 'बे'च्या रूपाला शाळेत मोजारे-ए-एल्तेजामी म्हणतात, तेही त्यांना माहीत असतं. एवढी जाण घरून घेऊन आलेल्या मुलापुढे तुम्ही किराणा मालाची यादी ठेवता.

माझा क्रम साधा आहे. आधी फारसीत म्हण. 'बेरवम' आलं तर टू, 'रफ्तन' आलं तर इंग. यादी त्यानंतर, उरलेल्यांसाठी.

पेन्सिलबॉक्स
नाव घेऊन झोडपल्याबद्दल आभार. ताई, माझ्याकडे येतात ती आयेल्ट्सची, म्हणजे परदेशी जाण्यासाठीच्या इंग्रजी परीक्षेची मुलं. परीक्षेची तारीख आधीच घेऊन येतात. स्पीकिंगच्या चार निकषांत व्याकरण हा एक. समोर परीक्षक बसलाय आणि हा मनातल्या मनात फारसी वाक्य जुळवतोय? मी वर्गात फारसीला बंदीच घातली आहे. शिवाय ज्या 'बे'चं एवढं कौतुक चाललंय तो कित्येकदा गायबच असतो. 'मीखाहम कार कोनम', मला काम करायचंय. शोधा आता.

मधली_ओळ
'कोनम'मधला 'म' दिसला नाही का? मस्दर असता तर 'कर्दन' असतं. मुलांना बरोबर दिसतं. मास्तरांना दिसायला थोडी फारसी यावी लागते, तेवढीच अडचण.

टोरांटोकर
ताईंचा नियम ऐकायला झकास आहे. मी इथे सरकारी 'लिंक' वर्गांत शिकवतो, देशात नव्याने आलेल्यांसाठी असतात ते. यंग स्ट्रीटवर उत्तरेकडे गेलात की इराणी दुकानांच्या पाट्या इतक्या, की लोक गमतीने शहराला 'तेहरान्टो' म्हणतात. तेव्हा फारसी माझ्याही कानावर रोज असते. आता ही दोन वाक्यं घ्या. 'पीश्नहाद मीकोनम बेरवीम.' तुमच्या हिशेबाने झालं 'आय सजेस्ट टू गो'. चूक. 'अज रफ्तन एम्तेना कर्द.' झालं 'ही रिफ्यूज्ड गोइंग'. पुन्हा चूक. आणि ही काही कोपऱ्यातली क्रियापदं नव्हेत.

वर माझ्या वर्गात एक ताजिक बाई आहेत, त्यांची भाषाही फारसीचीच बोली. त्या सरळ 'रफ्तन मेखोहम' म्हणतात, 'इच्छितो'बरोबर मस्दरच. म्हणजे 'आय वाँट गोइंग'? की त्यांना फारसी भाषक धरायचंच नाही?

कारकून_एक
थोडं विषयांतर. इराण्यांचं राहू द्या. आमच्या हिंजवडीच्या ऑफिसातून जाणाऱ्या प्रत्येक मेलच्या शेवटी असतं 'लुकिंग फॉरवर्ड टू हिअर फ्रॉम यू'. एकही इराणी नाही आमच्यात. मॅनेजरच्या मसुद्यात मी 'हिअरिंग' करून दिलं, तर साहेबांनी पुन्हा 'हिअर' केलं, क्लायंटला धाडलं आणि वर मला ऐकवलं, "टूनंतर मूळ रूप, शाळेत गेला नव्हतास का?"

निवृत्त_मास्तर
२००० साली पहिलीपासून इंग्रजी आणलं त्याची ही फळं. पाचवीपासून होतं तेव्हा पाया पक्का असायचा.

कारकून_एक
काका, साहेब पंचावन्नचे आहेत. पाचवीपासूनवालेच.

निवृत्त_मास्तर
मग त्यांना शिकवणारा कच्चा असेल. आमच्या वर्गात फळ्यावर वाक्य फोडून दाखवल्याशिवाय कुणी खाली बसत नसे. आता व्याकरण म्हटलं की पालकच भांडायला येतात, पोराला टेन्शन येतं म्हणून.

बखरबहाद्दर
'दर रा बस्तम' वाचून भरून आलं. बंद, बस्त, बंदोबस्त! माधव जूलियनांनी १९२५ साली फारसी-मराठी कोश केला. आज इंग्रजी शिकवण्यासाठी लोक फारसी शिकतायत, मराठी समजून घेण्यासाठी कुणी शिकत नाही.

पेन्सिलबॉक्स
आले. कोणताही धागा असो, यांचा कोश हजर.

मधली_ओळ
कारकून, तुमचं विषयांतर नाहीच. 'भेटायला उत्सुक' मधल्या 'ला'ला आपण 'टू' समजतो आणि पुढे मूळ रूप ठेवून मोकळे होतो. इराणी माणूस म्हणतो 'बे जूद बीदार शोदन आदत कर्दम', म्हणजे लवकर उठायची सवय झाली. हा 'बे' 'बेरवम'मधला नव्हे, आपल्या 'ला'सारखा सुटा शब्द. त्याच्यापुढे मस्दर. त्यामुळे 'आय गॉट यूज्ड टू गेटिंग अप अर्ली' त्याला पहिल्या फटक्यात जमतं, तुमच्या साहेबांना जमणार नाही. आणि त्याच 'बे'पायी 'शोरू कर्दम बे खांदन'चं (वाचायला लागलो) तो 'आय स्टार्टेड टू रीडिंग' करतो. चूक आणि बरोबर, दोन्ही एकाच दारातून येतात. म्हणून ते दार माहीत हवं.

निवृत्त_मास्तर
म्हणजे इराणी हुशार आणि आपली माणसं ढ? हेच ऐकायचं बाकी होतं.

मधली_ओळ
असं कुठे लिहिलंय मी? दाखवा.

निवृत्त_मास्तर
"तुमच्या साहेबांना जमणार नाही." वर लिहिलंय. चष्मा लावून वाचलं.

कारकून_एक
साहेबांना खरंच जमत नाही हो. पण अडतं कुठे? क्लायंट उत्तर देतो, पैसे येतात. सगळा देश 'टू हिअर' लिहीत असेल तर तेच बरोबर म्हणायचं.

टोरांटोकर
मीही तेच म्हणायचो. इथे आल्यावर नोकरीच्या अर्जाखाली 'लुक फॉरवर्ड टू मीट यू' लिहिलं होतं. मुलाखतीत अर्ज समोर ठेवला, तर त्या दोन शब्दांभोवती पेन्सिलीने गोल. इंग्रजी शिकवण्याचीच जागा होती ती. मिळाली नाही. त्या गोलामुळेच गेली असं म्हणत नाही, पण तो अजून डोळ्यांपुढून जात नाही.

निवृत्त_मास्तर
गोऱ्याने गोल काढला की आपण लगेच चूक. शंभर वर्षं झाली तरी हेच.

टोरांटोकर
गोल काढणाऱ्या बाई मूळच्या मंगळूरच्या होत्या, सर.

कारकून_एक
😂

मधली_ओळ
टोरांटोकर, 'सजेस्ट' आणि 'रिफ्यूज' खुशाल यादीत टाका. "उरलेल्यांसाठी यादी" हे मी वरच लिहिलंय, पण तिथपर्यंत वाचायचे कष्ट कोण घेतो. ताजिक बाईंचा मुद्दा मात्र माझ्याच बाजूचा आहे. त्या घरी 'रफ्तन मेखोहम' म्हणतात, म्हणून त्यांना तेहरानच्या मुलांबरोबर एका मापाने शिकवून चालणार नाही. यादीला हे कसं कळणार?

टोरांटोकर
ताजिक बाईंपुरतं मान्य. बाकी दर चार क्रियापदांमागे अपवाद निघतो त्याला नियम म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

पेन्सिलबॉक्स
चारांत तीन बरोबर येत असतील तर माझ्या बॅचला चालेल, पास होतात तेवढ्यात. बरं, 'स्टॉप'चं सांगा. त्यावर मुलं हमखास अडकतात.

मधली_ओळ
'ईस्तादम ता सिगार बेकेशम': थांबलो, सिगारेट ओढावी म्हणून. स्टॉप्ड टू स्मोक. 'सिगार केशीदन रा तर्क कर्दम': सिगारेट ओढणं सोडलं. स्टॉप्ड स्मोकिंग. दोन्ही त्यांच्याकडूनच म्हणवून घ्या, फळ्यावर शेजारी शेजारी लिहा. फारसीवरची बंदी तेवढ्यापुरती उठवावी लागेल.

पेन्सिलबॉक्स
उठवली. जामिनावर. शनिवारी 'फॉरगेट', 'रिमेंबर', 'स्टॉप' तुमच्या पद्धतीने घेतो. 'एन्जॉय, अवॉइड, फिनिश, माइंड'चा तक्ता भिंतीवरून निघणार नाही, आधीच सांगतो. आणि काबूलची दोन मुलं 'मी जाऊ शकतो'ला 'रफ्ता मेतवानम' म्हणतात. त्यात ना 'बेरवम', ना 'रफ्तन'. त्यांचं काय करू?

मधली_ओळ
काही करू नका. 'कॅन'ला टू नको आणि इंगही नको. 'आय कॅन गो' म्हणवून घ्या आणि पुढचं क्रियापद घ्या.