दुसऱ्या डब्यात साबुदाणा निघाला! बाळाचं दूध संपलंय, रस्ता बंद आहे, काय करू?

साकवापलीकडची | रात्री 9.50

पटकन लिहिते, मोबाईल 31 टक्क्यांवर आहे आणि लाईट दुपारीच गेली आहे.

गुहागर तालुक्यातलं आमचं गाव. बाळ पावणेपाच महिन्यांचं. अंगावरचं पितो, पण पहिल्या महिन्यात मला ताप येऊन दूध कमी झालं तेव्हापासून दिवसातून तीनदा वरचं, पावडरचं देते. दर वेळी 120 मिली, म्हणजे चार चमचे. आमचा पहिला टप्पा, सहा महिन्यांच्या आतलं.

काल सकाळी डबा तळाला लागला. मी निर्धास्त होते, कारण फडताळात त्याच कंपनीचा दुसरा डबा दिसत होता, वजनदार. आज संध्याकाळी उघडला तर आत साबुदाणा! सासूबाईंनी आषाढीसाठी आणलेला साबुदाणा मागच्या महिन्यातल्या रिकाम्या डब्यात भरून ठेवलेला. झाकण घट्ट, मुंगी शिरत नाही, म्हणून. चूक त्यांची नाही, मीच तो डबा धुऊन त्यांच्या हाती दिला होता. तरी त्या क्षणी मी जे बोलले ते इथे लिहीत नाही.

आता नऊ चमचे उरलेत. मोजले. डायपर चार. दिवसाला सात-आठ लागतात.

मिस्टर लोट्याला कंपनीत आहेत, डबा घेऊन चिपळूणला मित्राकडे अडकलेत. शृंगारतळीला मेडिकल आहे, पण आमच्या पऱ्याला (ओढ्याला) पाणी आलंय आणि त्यावरचा साकव, म्हणजे छोटा पूल, पाण्याखाली आहे. दीर बघून आले, म्हणाले, "सकाळपर्यंत विषय सोड."

सासूबाई म्हणतात शेजारच्या गोठ्यातलं गाईचं दूध निम्मं पाणी घालून देऊ, आमची पोरं त्यावरच वाढली. मला वाटतंय चार चमच्यांऐवजी दोनच चमचे घालून पुरवावं. यातलं काय चालेल? कोणी जागं आहे का?

दोन_लेकरांची_आई | रात्री 10.02

जागी आहे ताई, पण मला यातलं कळत नाही. आमच्या गटात एक सिस्टर आहेत, त्यांना हाक मारते.

उपकेंद्रातली_सिस्टर | रात्री 10.11

आलेच. आधी दोन्ही प्रश्नांचं उत्तर: दोन्ही नको.

पावडर पातळ करू नका. पोट पाण्याने भरतं आणि बाळ शांत होतं, म्हणून फसायला होतं. पण एवढ्याशा बाळाचं मूत्रपिंड जादा पाणी बाहेर टाकू शकत नाही, रक्तातलं सोडियम उतरतं आणि फिट येऊ शकते. पातळ दुधावर आकडी आलेली बाळं मी पाहिली आहेत. त्याच कारणाने नुसतं साखरपाणी, डाळीचं पाणी, पेजेची निवळसुद्धा नको. मध तर वर्षाच्या आत बोटभरही नाही, आजी कितीही म्हणोत.

आता नऊ चमच्यांचं गणित. 30 मिली पाण्याला एक सपाट चमचा, हे तुमच्या डब्यावरही असेल, बघून घ्या. म्हणजे 270 मिली दूध आहे तुमच्याकडे. चार चमच्यांच्या दोन वेळा करून एक चमचा उरवण्यापेक्षा तीन-तीन चमच्यांच्या तीन वेळा करा, 90 मिली. दुधाची ताकद तीच ठेवायची, माप कमी करायचं. आणि प्रत्येक वेळी आधी अंगावर घ्या, दोन्ही बाजूंना, बाळ सोडेपर्यंत. मग वरचं.

तुमचं खरं भांडार तेच आहे. बाळ जितक्या वेळा ओढेल तितकं दूध उतरतं, आणि रात्री दूध तयार करणारं संप्रेरक जास्त असतं. आज रात्री घड्याळ बघू नका. दर दीड-दोन तासांनी, झोपेत असला तरी, पोटाशी घ्या. तुम्ही स्वतः जेवलात का? नसाल तर आधी जेवा. हे सांगायचं राहतंच नेहमी.

बाटली उकळायला गॅस कमी असेल तर बाटली बाजूला ठेवा. स्टीलची छोटी वाटी आणि चमचा दहा मिनिटं उकळा, वाटी-चमच्याने पाजा. घरात जुनं बोंडलं (बाळाला दूध पाजायची चोचीची वाटी) असेल तर तेही चालेल. मांडीवर जरा उभं धरून, ओठाला कड लावायची, घशात ओतायचं नाही. विहीर गढूळ झाली असेल तर पाणी गाळून खळखळून उकळा. पावडर गरम पाण्यातच मिसळा आणि मग भांडं गार पाण्यात ठेवून कोमट करा. उरलेलं तासाभराने टाकून द्या. जीवावर येईल, तरी टाका.

लक्ष कशावर ठेवायचं: सू. दिवसभरात सहा वेळा तरी लंगोट ओला व्हायला हवा. सहा-आठ तास सू नाही, टाळू खोल गेलेली दिसते, बाळ मलूल आहे, नीट ओढत नाही, यातलं काहीही झालं तर साकव वगैरे बघू नका, 108 ला फोन लावा आणि आशाताईंनाही उठवा.

जुन्या_वळणाची | रात्री 10.30

सिस्टर, राग नसावा. माझी तिन्ही मुलं तीन महिन्यांपासून गाईच्या पाणी घातलेल्या दुधावर वाढली. धाकटा आज ट्रक चालवतो. तुम्ही लोक घाबरवता फार.

उपकेंद्रातली_सिस्टर | रात्री 10.37

राग कसला काकू. धाकटा ट्रक चालवतो याचा आनंदच आहे. पण त्या काळात ज्या बाळांना ते सोसलं नाही ती आज इथे लिहायला नाहीत. गाईच्या दुधात प्रथिनं आणि क्षार बाळाला झेपतील त्याहून जास्त, लोह जवळजवळ नाही, आणि पाणी घातलं की ताकदही गेली. सहा महिन्यांवरचं बाळ असतं तर एखाद-दोन दिवस उकळलेलं दूध, पाणी न घालता, वाटीने द्या म्हटलं असतं, शिवाय मऊ भात, नाचणीचं सत्त्व होतंच. पावणेपाच महिन्यांच्याला नाही. सगळंच संपलं तर डॉक्टरांशी फोनवर बोलल्याशिवाय काही करायचं नाही. आणि दुसऱ्या कंपनीची पावडर मिळाली तर बिनधास्त घ्या, सहा महिन्यांच्या आतली, तारीख न उलटलेली. साध्या पावडरीत कंपनी बदलल्याने बिघडत नाही. डॉक्टरांनी मुद्दाम खास पावडर लिहून दिली असेल तरच विचारा. वाडीत दुसरं लहान बाळ आहे का कुठे?

पेठेतली_माडी | रात्री 10.55

डायपरचं मी सांगते. आम्ही चिपळूणचे, बाजारपेठेत घर. 22 जुलै 2021 ला वाशिष्ठी नदी घरात आली तेव्हा माझी मुलगी सात महिन्यांची होती.

मी शहाणपणा करून सेलमध्ये डायपरची सहा मोठी पाकिटं घेतलेली, आणि ती जिन्याखाली, तळमजल्यावर. आम्ही माडीवर पळालो. दुसऱ्या दिवशी पाणी उतरल्यावर खाली गेले तर पाकिटं फुटून डायपर उशीएवढे फुगलेले. जाहिरातीत दाखवतात त्याहून जास्त शोषलं होतं हो, अख्खी वाशिष्ठी प्यायलेले. एक उचलायला दोन हात लागत होते. रडायचं सोडून मी हसत सुटले, नवऱ्याला वाटलं मला भ्रम झाला.

तर ते दोन दिवस आम्ही कापडावर काढले. तुमच्या सासूबाईंकडे जुनं सुती लुगडं असणारच. नऊवारी एकच पुरे. दोन-सव्वादोन वीत लांबीरुंदीचे चौकोन फाडा (कापू नका, फाडलं की सरळ फाटतं), पंचवीस-तीस निघतात. तिकोनी घडी, मध्ये दुसऱ्या तुकड्याची पट्टी, गाठ बाजूला, पोटावर नको. नायलॉन-पॉलिस्टर घेऊ नका, पाणी शोषत नाही आणि काचतं. उरलेले चार डायपर रात्रीसाठी आणि दवाखान्यात जायची वेळ आली तर त्यासाठी ठेवा. दिवसा लंगोट. खाली मेणकापड, त्यावर गोधडी नको, दुपटं घाला. गोधडी ओली झाली की ऑगस्टमध्ये वाळेल.

वाइप्स संपले तर कोमट पाणी आणि कापूस, नंतर कोरडं टिपून खोबरेल. पावडर लावू नका, श्वासात जाते.

वाळवायचं मात्र संकट आहे. आम्ही तव्यावर वाळवलेत अक्षरशः. चूल असेल तर प्रश्न नाही.

ठाण्यातला_बाबा | रात्री 11.20

आमच्याकडे दहा मिनिटांत ॲपवर येतं, तरी रात्री दोनला डायपर संपल्यावर मी लुंगी फाडली आहे, त्यामुळे शहरात राहून शहाणा झालो असं नाही.

एकच सांगतो, डायपर सेलमध्ये घ्या, पण पावडरीच्या डब्यासाठी सेलची वाट बघत बसू नका. मी बसलो होतो महिनाभर. मग कळलं की 1992 च्या कायद्याने लहान बाळांच्या पावडरीची जाहिरात आणि सवलत, दोन्हीला बंदी आहे. आईच्या दुधाऐवजी लोकांनी डब्याकडे वळू नये म्हणून. हेतू चांगला, माझा महिना फुकट.

साकवापलीकडची | तिसऱ्या दिवशी, दुपारी 1.15

लाईट आली. सगळ्यांना आधी नमस्कार, मग हकिकत.

त्या रात्री सिस्टरांनी सांगितलं तसं दर दीड-दोन तासांनी घेतलं. पहाटे चारला वाटलं काहीच येत नाहीये, बाळ नुसतं चोखतंय आणि चिडतंय. मीही रडले. सासूबाई उठल्या, काही न बोलता पेजेत तूप घालून वाडगा आणून दिला आणि माझ्या पाठीमागे उशी लावून बसल्या. सकाळी सातपर्यंत तीन लंगोट ओले. मोजून. ओल्या लंगोटाचा एवढा आनंद मला आयुष्यात झाला नव्हता.

लुगडं निघालं, हिरव्या काठाचं. माझ्या नणंदेच्या बाळंतपणातलं बोंडलंही ट्रंकेत सापडलं. लंगोट चुलीवर डालगं पालथं घालून त्यावर वाळवले, सगळ्यांना धुराचा वास लागलाय. आमचं बाळ सध्या भाजलेल्या बांगड्यासारखं घमघमतं. चालतंय ना सिस्टर?

तिसरे तीन चमचे दुसऱ्या दिवशी दुपारी संपले. पण त्याच संध्याकाळी मिस्टरांनी डबा गुहागरच्या एसटीत कंडक्टरकडे दिला. गाडी आमच्या फाट्यापर्यंतच आली, दीर छातीभर पाण्यातून जायला निघालेले, त्यांना सगळ्यांनी शिव्या घालून बसवलं. दोन तासांनी पाणी गुडघ्याखाली उतरल्यावर तिघे जण हात धरून गेले आणि डबा घमेल्यात ठेवून, वर छत्री धरून आणला. डब्यावर छत्री, माणसं भिजलेली. मधल्या वेळात वरच्या वाडीतल्या बाळाच्या आईने तीन चमचे वाटीत झाकून पाठवले होते, दुसऱ्या कंपनीचे. ते आता परत करायचेत.

आता तीनऐवजी दोनदाच वरचं लागतंय, अंगावरचं वाढलंय. आशाताई उद्या वजन करायला येणार आहेत.

उपकेंद्रातली_सिस्टर | दुपारी 1.40

धुराच्या वासाचं चालेल, फक्त बाळाला चुलीच्या खोलीत झोपवू नका आणि लंगोट घालायच्या आधी हाताला पूर्ण कोरडा लागतोय ना बघा. वजन कळवा. विहिरीत टीसीएल पावडर (पाणी शुद्ध करायची) पडली का, ते ग्रामपंचायतीत विचारा. तोपर्यंत सगळ्यांनीच उकळून प्या.

जुन्या_वळणाची | दुपारी 2.05

सासूने तूप घातलं ना पेजेत? मग झालं तर. साबुदाण्याचं काय केलंत?

साकवापलीकडची | दुपारी 2.20

काल एकादशी होती काकू, खिचडी झाली. डबा धुऊन चुलीपाशी वाळत ठेवलाय. सासूबाईंनी त्यावर कोळशाने मोठं "रिकामा" लिहिलंय, आणि आत आता डाळ भरणार म्हणतायत.