स्टीलची भांडी, हाव आणि इन्स्टॉलेशन: हावेवर बोट ठेवणाऱ्या कलाकारानं स्वतः काही सोडायला नको का?

भांडीकुंडी:
काही वर्षांपूर्वी कामानिमित्त दिल्लीला गेलो होतो, दुपार मोकळी मिळाली म्हणून साकेतला किरण नाडर म्युझियम बघायला गेलो. हे म्युझियम चक्क मॉलमध्ये आहे. तिथे सुबोध गुप्ता या कलाकाराचं ‘लाइन ऑफ कंट्रोल’ बघितलं, २००८ सालचं इन्स्टॉलेशन, म्हणजे वस्तू जागेत मांडून केलेली कलाकृती, स्टीलची ताटं वाट्या पातेली रचून केलेला सव्वीस टनांचा ढग, अणुबॉम्ब फुटल्यावर उठतो तसा. खरं सांगू? मला बॉम्ब आठवलाच नाही, मावशीचं रुखवत आठवलं. कार्यालयाच्या कोपऱ्यात टेबलावर रचलेले हंडे, डब्यांची उतरंड, प्रत्येकावर मशीननं टाकलेलं नाव आणि तारीख. त्यातलं निम्मं तिनं कधी वापरलंच नाही, सगळं माळ्यावर गेलं आणि मागच्या वर्षी घर रिकामं करताना किलोच्या भावानं मोडीत दिलं. मांडून दाखवायची हौस आणि मग माळा, हेच मला त्या ढगात दिसलं.

पण घरी येऊन वाचत बसलो आणि हिरमोड झाला. त्याचंच ‘व्हेरी हंग्री गॉड’, भांड्यांची अवाढव्य कवटी, २००६ला पॅरिसला एका चर्चमध्ये मांडली होती आणि सोबत लोकांना शाकाहारी सूप वाटलं होतं, कारण तिथल्या काही उजव्या गटांनी गरिबांना मुद्दाम डुकराच्या मांसाचं सूप वाटायचं काढलं होतं, मुसलमान आणि ज्यू आपोआप बाहेर राहावेत म्हणून. इथवर मी पूर्ण फिदा. पुढच्याच वर्षी ती कवटी कुठे, तर व्हेनिसला, कालव्याकाठी फ्रान्स्वा पिनोच्या महालासमोर. पिनो म्हणजे ज्यांच्या घराण्याकडे गुच्ची आहे ते. भुकेला देव शेवटी गुच्चीवाल्यांच्या दारात!

त्यापेक्षा लंडनचा कलाकार मायकल लँडी मला प्रामाणिक वाटतो. फेब्रुवारी २००१, ऑक्सफर्ड स्ट्रीटवर सी अँड ए कंपनीचं बंद पडलेलं दुकान, तिथे यानं स्वतःच्या ७,२२७ वस्तूंची यादी केली आणि कन्व्हेअर बेल्ट लावून मदतनिसांकरवी दोन आठवड्यांत सगळ्यांचा भुगा केला. गाडी, पासपोर्ट, पत्रं, मित्रांनी दिलेली चित्रं, सगळ्यात शेवटी वडिलांचा कोट. विकायला काही ठेवलंच नाही.

वाकडी_वाट:
अहो, कामाचं नाव ‘लाइन ऑफ कंट्रोल’, आकार अणुस्फोटाचा, आणि तुम्हाला दिसलं रुखवत! दिसू दे, त्याला ना नाही, पण मग हावेवरची टीका कलाकारानं केलीच नाहीये, ती तुम्ही लावली, आणि आता त्यानं त्या टीकेला जागावं असं म्हणताय. हा माणूस बिहारमधल्या खगौलचा, वडील रेल्वेत, त्याच्या लेखी भांडं म्हणजे स्वयंपाकघर, भूक, गाव. आणि विकलं तर काय बिघडलं? कीर्तनकार अख्खी रात्र ‘तुमचें येर वित्त धन, तें मज मृत्तिकेसमान’ सांगतो आणि सकाळी बिदागी घेतो, त्याला आपण ढोंगी म्हणतो का? कुणी म्हणतही असतील, पण पुढच्या वर्षी परत बोलावतातच की.

तिसरी_घंटा:
लँडीचं वाचून मला तुकोबाच आठवले. घरची सावकारी होती, कर्जखतं इंद्रायणीत बुडवली, भाऊ कान्होबा म्हणाला माझा वाटा मला दे तर त्याचा अर्धा दिला आणि आपलाच अर्धा बुडवला, अशी कथा सांगतात. आता फरक बघा. तुकोबांचे कागद बुडाले त्यामुळे समोरच्या कुळांचं कर्ज फिटलं. लँडीनं मोडलं त्यानं कुणाचं काय भलं झालं? पावणेसहा टन कचरा गेला जमिनीत पुरायला. चांगली गाडी, चांगले कपडे, कुणाला वापरायला दिले असते तर? पण मग ती दानधर्माची बातमी झाली असती, ते दोन आठवडे बघायला पंचेचाळीस हजार माणूस आलं नसतं. म्हणजे हावही सोडायची पण गर्दी जमवून सोडायची. मला तर यात महत्त्वाकांक्षाच जास्त दिसते बुवा.

भांडीकुंडी:
@तिसरी_घंटा कान्होबाचा मुद्दा लागला. पण दान केलं असतं तर वस्तू वस्तूच राहिली असती ना, फक्त मालक बदलला असता. भुगा होताना बघणाऱ्याच्या पोटात जो खड्डा पडतो तो दानानं पडत नाही. गर्दीचं मान्य.

कोकणी_मेवा:
तुम्ही दोघं भांड्यांवरच अडकलात. त्याच गुप्ताचं २००४चं एक काम आहे, ‘एव्हरीथिंग इज इनसाइड’. अँबॅसिडर टॅक्सी, आणि टपावर दोरीनं आवळलेलं सामान, पण ते सामान ब्राँझमध्ये ओतलेलं. मी फक्त फोटोत बघितलंय तरी गलबललं. आमचे काका कुवेतला होते, दोन वर्षांनी यायचे, आम्ही रत्नागिरीहून रात्रभर प्रवास करून मुंबईला सहार विमानतळावर न्यायला जायचो, आणि ते दारातून बाहेर आले की आमची नजर आधी खोक्यांकडे जायची, काकांकडे नंतर. खोक्यांवर मार्करनं नाव, गावाचं नाव, पिनकोड. आत साबण, टॉर्च, सेंटच्या बाटल्या, ब्लँकेट. तिकडे आठजण एका खोलीत राहतात हे आम्हाला कळलं ते कायमचे परत आल्यावर. ब्राँझचं गाठोडं उघडता येत नाही, आणि हलवायचं तर जड. यापेक्षा नेमकं भ्रमनिरासाचं काम मला दाखवा. कुणी विकत घेतलं याच्याशी मला काही घेणंदेणं नाही.

आणि मुंबईचंच हवं तर हेमा उपाध्याय यांचं २००९चं ‘८ फूट बाय १२ फूट’, धारावीतल्या खोलीच्या मापाचं, भिंतींना आणि वर छताला पत्रा-भंगारातून केलेली चिमुकली वस्ती चिकटलेली, मधे आपण उभे. तिथे कलाकारानं काय सोडलं, असं विचाराल?

चहा_कमी_साखर:
मी मुंबईच्या काळा घोडा कलामहोत्सवाला दरवर्षी जाते, तिथे इन्स्टॉलेशनसमोर सेल्फीची रांग असते, सो फार अपेक्षा नाहीत. पण मला खटकलं ते वेगळंच. धागाकर्ते स्टीलला सरळ ‘हाव’ म्हणून मोकळे झाले. माझ्या आईला विचारा. पितळेची भांडी म्हणजे चिंच लावून घासा, कल्हईवाल्याची वाट बघा, कल्हई उडाली की आमटी कळकते. स्टील आलं आणि बाईचे हात सुटले. जरीची साडी बोहारणीला देऊन आईनं एक पातेलं घेतलं होतं, आजी आठवडाभर बोलली नव्हती तिच्याशी. ती हाव होती का? आणि रुखवत मांडणारी बाई रात्र रात्र जागून ती उतरंड रचते तिला कुणी इन्स्टॉलेशन आर्टिस्ट म्हणत नाही, कारण तिचं काम दुसऱ्या दिवशी टेम्पोत जातं.

वाकडी_वाट:
@चहा_कमी_साखर वा! नुसती +१ नाही, +१०.

भांडीकुंडी:
कल्हईचं डोक्यातच आलं नव्हतं, पितळ फक्त शोकेसमध्ये बघितलेली पिढी आमची. ‘हाव’ शब्द मागे घेतो, निदान मावशीपुरता, पिनोंपुरता नाही. आत्ताच तिला फोन करून विचारलं की रुखवतातलं काही ठेवलंस का, तर म्हणाली दोन डबे ठेवलेत, पोहे आणि रवा. बाकीचं देताना वाईट वाटलं का विचारलं. म्हणाली वाटलं ना, मेल्यानं भाव फार कमी लावला.