गाळातली ससेप्टिबिलिटी घसरली, म्हणजे दुष्काळ का?

गाळवेडा: एमएस्सीच्या प्रकल्पासाठी बुलढाणा जिल्ह्यातल्या आमच्या गावतळ्यात नळी ठोकून 80 सेंमी गाळ काढला. दर 2 सेंमीला डबी भरून चुंबकीय ससेप्टिबिलिटी (चुंबकाजवळ माती किती चुंबकित होते ते) मोजली. वरच्या 50 सेंमीत आकडे चढे, त्याखाली निम्म्याहून कमी. पाऊस कमी, म्हणून बेसॉल्टची (काळ्या खडकाची) माती कमी वाहून आली, म्हणून मॅग्नेटाइट हे चुंबकीय लोहखनिज कमी, असं लिहू का?

सह्यकडा: चीनमधल्या लोएसमध्येही, म्हणजे वाऱ्याने साचलेल्या धुळीतही, असंच दिसतं. पिवळ्या धुळीच्या थरांत आकडे कमी, लालसर जुन्या मातीच्या थरांत जास्त. कारण दमट काळात मातीतच बारीक मॅग्नेटाइट आणि तसंच चुंबकीय मॅगहेमाइट तयार होतं. तुझं बरोबर वाटतंय.

काळीमाती: घाई नको रे. लोएस उघड्यावर साचतो, तुझा गाळ पाण्याखाली कुजतोय. मी बारा वर्षं तळ्यांचाच गाळ मोजतेय. पहिल्या तळ्यात मलाही असाच दुष्काळ ‘सापडला’ होता. मग रासायनिक तपासणी केली, तर लोह आणि टायटॅनियम जिथल्या तिथे. गेलं होतं फक्त मॅग्नेटाइट. तळाशी प्राणवायू संपला की ते विरघळतं, आधी बारीक कण, आणि लोह सल्फाइडात अडकतं. त्यातलं पायराइट हे सल्फाइड झालं की चुंबकत्व जवळपास संपलंच. ग्रेगाइट हे चुंबकीय सल्फाइड झालं तर उलट आकडा चढतो! म्हणून आधी टायटॅनियम मोज, ते मातीबरोबर येतं आणि असं विरघळत नाही. ससेप्टिबिलिटीबरोबर तेही घसरलं तर माती खरंच कमी आली. ते स्थिर असेल तर तुझा दुष्काळ गाळातच घडलाय. शिवाय वरच्या 50 सेंमीतले चढे आकडे अलीकडच्या नांगरटीने जास्त माती आल्याचेही असू शकतात, तिकडे पावसाचा संबंधच नाही.

लोणार तुझ्या जिल्ह्यातलंच आहे. तिथल्या गाळात सुमारे 4,600 ते 3,900 वर्षांपूर्वीचा लांबलेला कोरडा काळ दिसतो, पण तो एकट्या चुंबकत्वावरून ठरवलेला नाही. पाणी आटून खारं झाल्यावर बनणारे गेलुसाइटचे स्फटिकही त्या थरांत सापडले.

50 च्या खालचा गाळ काढताना कसा होता? आणि वाळवलास कसा?

गाळवेडा: काळाकुट्ट, सडक्या अंड्यांचा वास. ओव्हनमध्ये 105 अंशांवर वाळवला, ताई.

काळीमाती: म्हणजे तिथे प्राणवायू संपून सल्फाइड बनलंय. मग ते आकडे बाजूला ठेव. इतक्या उष्णतेत ग्रेगाइट बदलू शकतं. उरलेला अर्धा भाग ओलाच असेल तर हवाबंद करून फ्रिजमध्ये ठेव, मोजायच्या आधी 40 अंशांच्या आत वाळव. आणि कापायला प्लास्टिकची सुरी घे, लोखंडी नको.

गाळवेडा: अर्धा भाग ओलाच आहे. आजच हवाबंद करतो.