मदत हवी आहे: सहा वर्षं कर्नलवर काम, पण मेनलाइनमध्ये एकही पॅच नाही

नमस्कार मंडळी,

पुण्यात एम्बेडेड लिनक्सवर (यंत्रांच्या आत बसणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरवरचं लिनक्स) सहा वर्षं काढली. काम त्याच्या गाभ्यावर, म्हणजे कर्नलवर; पण मेनलाइनमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या मुख्य लिनक्स कर्नलमध्ये, माझा एकही पॅच (कोडमधला बदल) गेलेला नाही. नवा बोर्ड आला की डिव्हाइस ट्री (बोर्डवर कोणतं हार्डवेअर आहे ते कर्नलला सांगणारी फाइल) लिहायची, ड्रायव्हर चालू करायचे, सिरियल कन्सोलवर कर्नल पॅनिक (कर्नल कोसळल्याचा संदेश) बघत रात्र घालवायची. घरचे विचारणाऱ्याला "कॉम्प्युटरचं बघतो" म्हणून सांगतात, तेच बरंय.

आम्ही अजून चिपवाल्यांनी दिलेल्या ४.१४ कर्नलवरच आहोत. त्या शाखेचे अपडेट जानेवारी २०२४ मध्येच थांबले. आमचे ड्रायव्हर मेनलाइनबाहेर, आणि कर्नलच्या आतली फंक्शनं दर आवृत्तीत बदलू शकतात. म्हणून वर सरकायचं म्हटलं की सगळे हात झटकतात.

मागच्या महिन्यात एका मुलाखतीत पहिलाच प्रश्न: मेनलाइनमध्ये किती पॅच? शून्य. मग म्हणाले, पेज फॉल्ट (प्रोग्रॅमला हवं ते मेमरीचं पान जागेवर नसणं) झाल्यापासून प्रोसेस परत चालू होईपर्यंत काय घडतं ते सांगा. निम्म्यात अडकलो.

आता ड्रायव्हर सोडून मेमरी मॅनेजमेंटकडे वळू का? ६.१ पासून कर्नलमध्ये रस्ट ही प्रोग्रॅमिंग भाषा आली, ती आधी शिकू? नोकरी सोडून वर्षभर अभ्यास करावा असंही वाटतं. बायको म्हणते, हप्ते कोण भरणार?

प्रतिसाद १

वहिनींचं ऐका. रस्ट थांबेल. तुमच्याकडे बोर्ड आहे, तेच भांडवल. त्यावर मेनलाइन बूट करून बघा, जे चालत नाही त्यातलं एक उचला.

त्याआधी कंपनीची लेखी परवानगी घ्या. पॅचखालची 'साइन्ड-ऑफ-बाय' ओळ म्हणजे हा कोड द्यायचा हक्क मला आहे, असं स्वतःच्या नावानं सांगणं. पॅच कर्नलच्या मेलिंग यादीवर ईमेलनं पाठवतात; तो ऑफिसच्या मेलमधून पाठवू नका; टॅबचे स्पेस झाले की पॅच लागत नाही आणि एचटीएमएल मेल यादीवर पोचतच नाही. गिटमधली सेंड-ईमेल ही कमांड वापरा. मर्ज विंडोच्या (नव्या आवृत्तीसाठी बदल मुख्य कर्नलमध्ये घेतात तो काळ) दोन आठवड्यांत उत्तर नाही आलं तर मनाला लावून घेऊ नका.

पेज फॉल्टसाठी एमआयटीची एक्सव्ही६ ही शिकवण्यासाठीची ऑपरेटिंग सिस्टिम घ्या. छोटीशी आहे, क्यूएमयू या एम्युलेटरवर चालते. तिच्यात कॉपी-ऑन-राइट फोर्क (नवी प्रोसेस बनवताना मेमरी लगेच न कॉपी करता, लिहिताना कॉपी करणं) स्वतः लिहा, पुन्हा अडकणार नाही.

धागाकर्ता

परवानगीचं डोक्यातच नव्हतं! सोमवारी मॅनेजरना विचारतो. टचस्क्रीनचा ड्रायव्हर सगळ्यांत लहान आहे, त्यापासून सुरुवात करू?

प्रतिसाद १

चालेल. फक्त डिव्हाइस ट्री बाइंडिंगचा (डिव्हाइस ट्रीत त्या हार्डवेअरची नोंद कशी करायची त्याच्या नियमांचा) पॅच वेगळा ठेवा, एकत्र पाठवलात तर पहिलं उत्तर तेच येईल.